निर्णयापूर्वीचे दहा प्रश्न : ‘ऑडिट’ या मद्यपान-चाचणीचे परीक्षण

ज्या घरात कुणाची दारू हाताबाहेर गेलेली असते, तिथे उपचारांचा विषय निघाला की बोलणे बहुधा एकाच प्रश्नावर अडून बसते: हा माणूस व्यसनी आहे की नाही? पिणारा म्हणतो, मी रोज कामावर जातो, कुणाचे देणे लागत नाही, मनात आणले तर उद्या सोडेन. घरचे म्हणतात, मग सोडून दाखव. या वादातून उपचारांचा निर्णय क्वचितच निघतो, कारण दोन्ही बाजू एका शिक्क्यावरून भांडत असतात आणि प्रत्यक्षात काय घडते आहे, ते तपासायचे राहूनच जाते. ‘अल्कोहोल यूज डिसऑर्डर्स आयडेंटिफिकेशन टेस्ट’ म्हणजेच ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी या कोंडीत नेमकी कोणती मदत करते आणि कुठे अपुरी पडते, हे सांगण्यासाठी मी हे परीक्षण लिहिते आहे. माझ्या थोरल्या भावाने उपचार घ्यायचे ठरवले, तेव्हा हाच कागद त्याच्यासमोर होता, त्यामुळे तिचे गुण आणि तिच्यातल्या उणिवा या दोन्हींबद्दल मला मनापासून बोलावेसे वाटते.

ही चाचणी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केली. ऑस्ट्रेलिया, बल्गेरिया, केनिया, मेक्सिको, नॉर्वे आणि अमेरिका या सहा देशांतल्या प्राथमिक आरोग्यसेवेत येणाऱ्या सुमारे दोन हजार रुग्णांच्या अभ्यासातून तिचे प्रश्न निवडले गेले. तिची मार्गदर्शिका १९८९ मध्ये प्रथम निघाली आणि २००१ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. ती वापरण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. तिच्याआधी जॉन युइंग यांची ‘केज’ ही चार प्रश्नांची चाचणी प्रचलित होती आणि आजही ती वापरली जाते. दारू कमी करावी असे कधी वाटले का, कुणी टोकल्यावर चीड आली का, अपराधी वाटले का आणि सकाळी उठल्याउठल्या प्यावी लागली का, एवढेच ती विचारते. हे प्रश्न लक्षात राहायला सोपे असले, तरी ते आयुष्यभराविषयी आहेत. ज्याने बऱ्याच वर्षांपूर्वी दारू सोडली, त्याची आणि जो आज सकाळी प्यायला, त्याची उत्तरे ‘केज’मध्ये सारखीच येऊ शकतात. ‘ऑडिट’ मात्र बहुतेक प्रश्नांत गेल्या एका वर्षापुरते बोलते आणि ‘हो की नाही’ऐवजी ‘किती वेळा’ असे विचारते. माझ्या मते तिचे खरे सामर्थ्य याच रचनेत आहे. ‘मी व्यसनी नाही’ असे ठासून सांगणारा माणूसदेखील ‘महिन्यातून किती वेळा’ या प्रश्नाला काही ना काही उत्तर देतोच.

पहिले तीन प्रश्न पिण्याच्या प्रमाणाचे आहेत: किती वेळा पिता, पिता त्या दिवशी किती पिता, आणि एका बैठकीत सहा किंवा त्याहून अधिक मापे किती वेळा होतात. चौथा ते सहावा प्रश्न अवलंबित्वाचे आहेत, म्हणजे एकदा सुरू केल्यावर थांबता आले नाही असे किती वेळा झाले, पिण्यामुळे अपेक्षित काम राहून गेले असे किती वेळा झाले, आणि आदल्या रात्रीच्या भरपूर पिण्यानंतर सकाळी उभे राहण्यासाठी पुन्हा घोट घ्यावा लागला असे किती वेळा झाले. सातवा प्रश्न पश्चात्तापाचा आणि आठवा रात्रीचे काहीच न आठवण्याचा आहे. नववा प्रश्न तुमच्या पिण्यामुळे तुम्हाला किंवा दुसऱ्या कुणाला इजा झाली का असे विचारतो, आणि दहावा प्रश्न नातेवाईक, मित्र किंवा डॉक्टर यांनी काळजी व्यक्त करून कमी करण्यास सुचवले का, असा आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण असून एकूण बेरीज जास्तीत जास्त ४० होते.

हा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे, हे मला दादा तो कागद भरत असताना पाहून कळले. डॉक्टरांनी कागद त्याच्या हातात दिला आणि बाहेर बसून सावकाश भरायला सांगितले. प्रमाणाचे प्रश्न त्याने भराभर सोडवले, त्यांत त्याला लाजण्यासारखे काही वाटले नाही. पाचव्या प्रश्नाला, म्हणजे कामे राहून जाण्याच्या प्रश्नाला, त्याने ‘कधीच नाही’वर खूण केली. सहाव्यावर तो बराच वेळ थांबला आणि ‘महिन्यातून एकदापेक्षा कमी’वर खूण करून पुढे गेला. दहाव्या प्रश्नाशी मात्र वाद घालण्याची सोय नव्हती. वहिनी बोलली होती, आई बोलली होती, त्याला तपासणारे डॉक्टर तर पलीकडच्याच खोलीत बसले होते, आणि हे सगळे त्याच वर्षातले होते. त्याने चार गुणांच्या चौकटीवर खूण केली, पेन तसेच हातात धरून वर पाहिले आणि पाचव्या प्रश्नावरची आपली खूण खोडून ‘दर महिन्याला’ असे केले. कुणी काही म्हटले नव्हते. बेरीजही त्यानेच केली, ती २४ आली, आणि त्याने मला एवढेच विचारले, “आता आत जाऊन हे दाखवायचं ना?” इतक्या वर्षांच्या सांगण्याने जे झाले नव्हते, ते त्या कागदाने केले असे मी म्हणणार नाही, कारण त्या सांगण्याचेच चार गुण दहाव्या प्रश्नात जमा झालेले होते. पण आकडा त्याचा होता आणि बेरीजही त्याची होती, त्यामुळे ती आमच्यापैकी कुणावर ढकलून देण्याचा मार्ग उरला नाही.

बेरजेचा अर्थ मार्गदर्शिकेत चार टप्प्यांनी दिलेला आहे. सातपर्यंत धोका कमी, आठ ते पंधरापर्यंत पिणे कमी करण्याचा साधा सल्ला, सोळा ते एकोणीसपर्यंत थोडक्यात समुपदेशन आणि पुढे लक्ष ठेवणे, आणि वीस किंवा त्याहून अधिक आल्यास तज्ज्ञांकडे जाऊन अवलंबित्वाची सविस्तर तपासणी करून घेणे. स्त्रियांसाठी आणि ६५ वर्षांवरील पुरुषांसाठी आठऐवजी सात ही मर्यादा धरणे अधिक योग्य, असेही त्यात सांगितले आहे. बेरीज हे निदान नव्हे, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. एकूण गुण कमी असले, तरी चौथ्या ते सहाव्या प्रश्नांत ‘दर आठवड्याला’ किंवा ‘जवळजवळ रोज’ असे उत्तर असेल, तर अवलंबित्व सुरू झाल्याची ती खूण मानली जाते. त्यामुळे केवळ शेवटचा आकडा वाचून ‘पंधराच आले, म्हणजे फारसे काही नाही’ असे समाधान करून घेऊ नये, गुण कुठल्या प्रश्नांतून आले हेही पाहावे.

आता उणिवांकडे येते. पहिली उणीव मापाची आहे आणि ती किरकोळ नाही. दुसरा आणि तिसरा प्रश्न ‘माप’ या एककात विचारलेले आहेत, आणि मूळ चाचणीत एक माप म्हणजे दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरलेले आहे. देशोदेशी हे माप वेगळे आहे, ब्रिटनमध्ये आठ ग्रॅम तर अमेरिकेत चौदा ग्रॅम. प्रत्यक्षात मात्र पिणारा माणूस पेग, ग्लास किंवा बाटली मोजतो. चाळीस टक्के अल्कोहोल असलेल्या दारूचा ६० मिलीलिटरचा एक पेग घेतला, तर त्यात २४ मिलीलिटर, म्हणजे जवळजवळ १९ ग्रॅम अल्कोहोल असते, आणि तो एकटा पेग सुमारे दोन मापे होतो. पाच टक्क्यांच्या बिअरचे अर्धा लिटरही तेवढेच भरते, तर आठ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरचे अर्धा लिटर तीन मापांच्या पुढे जाते. रोज असे चार पेग घेणाऱ्या माणसाने ‘चार’ असे लिहिले, तर त्याला दुसऱ्या प्रश्नात एक गुण आणि तिसऱ्यात शून्य मिळतो. मापे नीट मोजली, तर ती साडेसातच्या आसपास येतात आणि त्याला दुसऱ्या प्रश्नात तीन व तिसऱ्यात चार गुण मिळतात. पिणे तेच, आणि बेरजेत सहा गुणांचा फरक! ‘साधा सल्ला’ आणि ‘तज्ज्ञांकडे जा’ यांच्यामधले अंतर एवढ्यानेही पुसले जाऊ शकते. म्हणून मापांचे चित्र किंवा तक्ता सोबत नसलेला ‘ऑडिट’चा कागद कुणी हातात दिला, तर आधी तो तक्ता मागून घ्यावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

दुसरी उणीव चाचणीत नसून ती वापरणाऱ्या घरच्यांत असते. ही चाचणी प्रामाणिक उत्तरांवर उभी आहे, आणि समोर कुणी हात बांधून उभे असेल, तर प्रामाणिक उत्तरे येत नाहीत. बायकोने नवऱ्याच्या वतीने किंवा आईने मुलाच्या वतीने कागद भरून ‘हे बघ, तुझे तीस आले’ असे म्हणणे म्हणजे तोच जुना वाद नव्या आकड्यासह सुरू करणे होय. प्यायलेल्या अवस्थेत ती भरून घेण्यातही अर्थ नाही. माणूस शुद्धीवर असताना, शक्यतो सकाळच्या वेळी, एकट्याने भरू द्यावी, किंवा डॉक्टरांनी अथवा समुपदेशकांनी प्रश्न विचारून भरून घ्यावी. या दोन्ही पद्धतींसाठी चाचणीची स्वतंत्र रूपे उपलब्ध आहेत. घरच्यांनी करण्यासारखी सर्वांत उपयुक्त गोष्ट म्हणजे कागद, पेन आणि पाच मिनिटांचा निवांतपणा देणे, आणि बेरीज विचारण्याची घाई न करणे.

तिसरी उणीव मात्र मला सर्वांत गंभीर वाटते आणि तिच्यासाठीच मी हे परीक्षण लिहायला घेतले. हा कागद उपचारांच्या दारापर्यंत आणून सोडतो, पण दारू एकाएकी बंद करण्यातल्या धोक्याविषयी त्यावर एक ओळही नाही. बेरीज मोठी आली की हादरलेला माणूस पुष्कळदा त्याच क्षणी ठरवतो की आजपासून थेंबही घ्यायचा नाही, आणि घरचेही आनंदाने त्याला दुजोरा देतात. रोज भरपूर पिणाऱ्याच्या शरीरात काय होते, हे समजून घेतले की या आनंदातला धोका ध्यानात येतो. दारू मेंदूला मंद करत राहते आणि मेंदू त्याची भरपाई म्हणून स्वतःला सतत अधिक उत्तेजित ठेवायला शिकतो. दारू अचानक थांबली की ती उत्तेजना आवर नसल्यासारखी वर येते. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, घाम, धडधड, मळमळ, झोप न येणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ होतो, ज्यात माणूस वेळ-काळ विसरतो, नसलेली माणसे आणि किडे पाहतो, त्याला ताप चढतो, रक्तदाब वाढतो, आणि वेळेवर उपचार न झाल्यास जीवही जाऊ शकतो. पूर्वी दारू सोडताना ज्याला फिट आली होती किंवा भ्रम झाला होता, त्याला पुढच्या खेपेस हा धोका अधिक असतो. अशा माणसाने डॉक्टरांना भेटेपर्यंत एकदम पूर्ण बंद करू नये, आणि फिट, भ्रम किंवा ताप यांतले काही दिसताच थेट रुग्णालय गाठावे. हे वाक्य त्या कागदाच्या तळाशी ठळक अक्षरांत छापले जावे, असे मला कळकळीने वाटते.

आमच्या डॉक्टरांनी कागद पाहून आधी बेरजेबद्दल काही म्हटलेच नाही. त्यांनी दादाला दोन्ही हात समोर धरून बोटे फाकवायला सांगितली आणि क्षणभर बोटांकडे पाहत राहिले. मग विचारले, “शेवटची कधी घेतलीत? आधी कधी सोडली होतीत का, आणि तेव्हा काय त्रास झाला? झोपेची किंवा दुसरी कुठली गोळी चालू आहे का?” ‘ऑडिट’मध्ये नसलेले नेमके प्रश्न हेच आहेत. उपचार घरी राहून करायचे की रुग्णालयात दाखल होऊन, हे ठरवताना या प्रश्नांच्या उत्तरांचे वजन मोठे असते. दारू उतरवण्याच्या काळात डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधे ठरावीक दिवसांपुरती आणि कमी कमी करत दिली जातात, यकृत बिघडलेले असल्यास पुष्कळदा लोराझेपाम निवडले जाते, आणि मेंदूला कायमची इजा होऊ नये म्हणून थायामिन म्हणजे जीवनसत्त्व ब-१ दिले जाते. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. दुसऱ्या कुणाच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या आणून घरी असा प्रयोग कुणीही करू नये.

पुढच्या वाटेविषयी ‘ऑडिट’ बोलत नाही आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही नाही, तरी निर्णयाच्या उंबरठ्यावर असलेल्याला एवढे माहीत असावे की उपचार म्हणजे दर वेळी कुलूपबंद खोली आणि महिनोन्‌महिने घराबाहेर राहणे नसते. सौम्य लक्षणे असलेले अनेक जण बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेतात. पुन्हा पिण्याची ओढ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधे आहेत, समुपदेशन आहे, आणि १९३५ पासून जगभर पसरलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका आहेत, ज्यांत सामील होण्यासाठी पिणे थांबवण्याच्या इच्छेखेरीज कोणतीही अट नसते. डायसल्फिराम या औषधाबद्दल मात्र एक इशारा द्यायलाच हवा. ते घेत असताना दारू पोटात गेली तर चेहरा लाल होणे, उलट्या, धडधड आणि रक्तदाब घसरणे असा त्रास होतो आणि तो प्राणघातकही ठरू शकतो. ते रुग्णाच्या पूर्ण माहितीने आणि संमतीनेच द्यायचे असते. निर्णय घेत नाही म्हणून जेवणातून गुपचूप डायसल्फिराम देणारे घरचे त्या माणसाचा जीव आणि त्याचा विश्वास, दोन्ही पणाला लावतात.

‘ऑडिट’ फक्त दारूपुरती आहे, हेही ध्यानात ठेवावे. गांजा, झोपेच्या गोळ्या, अफूजन्य पदार्थ (ओपिऑइड) किंवा अन्य नशा असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेचीच ‘असिस्ट’ ही चाचणी अधिक योग्य आहे. तंबाखूपासून ओपिऑइडपर्यंतच्या पदार्थांविषयी ती वेगवेगळे गुण देते आणि सुईने नशा घेतली आहे का, हेही विचारते. तिच्यात प्रत्येक पदार्थासाठी प्रश्न पुन्हा विचारावे लागत असल्याने वेळ अधिक लागतो आणि एकट्याने भरण्यापेक्षा कुणी प्रशिक्षित व्यक्तीने विचारून भरून घेणे बरे पडते. ओपिऑइडच्या बाबतीत धोक्याचे स्वरूप वेगळे आहे. काही दिवस बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि पूर्वीचेच प्रमाण पुन्हा घेतले तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो, म्हणून ‘बंद केले, आता डॉक्टर कशाला’ हा विचार तिथे जास्तच घातक ठरतो. त्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत, आणि ती दीर्घकाळ घेणे हा उपचाराचाच भाग आहे. त्यांना ‘एक नशा सोडून दुसरी धरली’ असे म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे.

एकंदरीत, ज्याच्या मनात ‘आपले जरा जास्तच होते आहे का’ ही शंका डोकावून गेली आहे, त्याने ही चाचणी जरूर भरावी. तिची खरी उपयुक्तता अशा शंकेच्या अवस्थेतच आहे आणि आठच्या वर गेलेल्या माणसाला नुसत्या सल्ल्यानेही सावरता येण्याची शक्यता असते. ज्याला सकाळी घोट घेतल्याशिवाय हात स्थिर ठेवता येत नाहीत, त्याने बेरजेच्या खटपटीत वेळ घालवू नये, सरळ डॉक्टरांकडे जावे आणि कागद तिथेच भरावा. कागद घेऊन जाणाऱ्याने त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर शेवटची कधी घेतली, पूर्वी सोडताना काय झाले आणि सध्या कोणती औषधे चालू आहेत, या तीन गोष्टी लिहून न्याव्यात. ऐन वेळी त्या आठवत नाहीत किंवा सांगायचा धीर होत नाही. उपचार सुरू झाल्यावर दर महिन्याला प्रगती मोजण्यासाठी मात्र ‘ऑडिट’ वापरू नये. तिचे बहुतेक प्रश्न गेल्या वर्षभराविषयी असल्यामुळे, तीन महिने थेंबही न घेतलेल्या माणसाची बेरीजही जवळजवळ पूर्वीइतकीच राहते आणि तो विनाकारण खचतो. त्या काळातला बदल डॉक्टरांच्या भेटींत, यकृताच्या रक्ततपासणीत आणि न प्यायलेल्या दिवसांच्या साध्या नोंदीत अधिक खरा दिसतो.